रौप्यमहोत्सव, ज्युबिली आणि उघडं दार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २६ जानेवारी २०२६ रोजी झेंडावंदनानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)





सचिवभाऊंनी मला विषय दिला तो असा : "बाई, गेल्या वर्षी तुमचे पोप वारले, नवे पोप निवडले, चिमणीतून धूर निघाला. टीव्हीवर आम्ही सगळं बघितलं, पण कळलं काही नाही. पंचवीस वर्षं एका आवारात राहतोय, दर नाताळला तुमच्या घरची करंजी आणि केक खातोय. तुमच्या चर्चमध्ये नेमकं काय चालतं ते एकदा सांगा की." मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे फळा आणि खडू नसला तरी बोलायची सवय आहे. मात्र तास संपल्याची घंटा सचिवभाऊंनीच वाजवायची.

आज आपण सोसायटीची सिल्व्हर ज्युबिली साजरी करतोय. हा ज्युबिली शब्द आमच्या धर्मग्रंथातून आलाय, आणि योगायोग असा की सगळ्या जगातल्या कॅथलिक लोकांचं ज्युबिली वर्ष याच महिन्यात, ६ जानेवारीला संपलं. म्हणून आज या एका शब्दाचा धागा धरूनच बोलते.

आधी आम्ही कोण ते थोडक्यात सांगते. कारण अजूनही कुणी कुणी विचारतं, "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कसं काय इतकं चांगलं बोलता?" आता यावर काय बोलायचं? आमची आडनावं बघा : साळवे, त्रिभुवन, गायकवाड, पवार. आमच्या आज्या नऊवारी नेसायच्या आणि जात्यावर ओव्या म्हणायच्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १८९२ च्या सुमाराला, फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे फ्रेंच फादर वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावात आले. या भागातलं कॅथलिक मिशन तिथून सुरू झालं. नंतर दुष्काळाची वर्षं आली. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्या लोकांमध्ये या फादर लोकांनी वस्ती केली, शाळा काढल्या. आमच्यातली बहुतेक घरं त्या वस्त्यांमधली आहेत. पुढे १७ डिसेंबर १९७७ ला औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा भाग. आपल्या संभाजीनगरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे, ते या बिशपचं मुख्य चर्च.

आणि मराठीचं म्हणाल तर फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ, छापला गेला १६१६ साली. आपल्या पैठणला नाथमहाराजांनी समाधी घेतली १५९९ ला. म्हणजे दोन्ही एकाच काळातली माणसं. जवळचं उदाहरण हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे कॅथलिक धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक. त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यातच, धाराशिवला, त्र्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. एका धर्मगुरूला कशाला अध्यक्ष केलं म्हणून तेव्हा वादही झाला. पाठीच्या दुखण्याने बेजार असताना ते आले, आणि निसर्ग वाचवा, माणूस वाचवा असंच बोलले. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

आता आमची रविवारची उपासना. तिला आम्ही मिस्सा म्हणतो. साठ वर्षांपूर्वीपर्यंत ती लॅटिन भाषेत व्हायची, फादर लोकांकडे पाठ करून उभे असायचे. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायची मोकळीक मिळाली. आज आमच्याकडे मिस्सा मराठीत, गायनाला पेटी आणि तबला. आधी आपल्या चुकांची कबुली, मग बायबलमधली वाचनं, फादरांचं प्रवचन, मग भाकर आणि द्राक्षारसाचं अर्पण, आणि त्यानंतर ख्रिस्तप्रसाद. प्रसाद घ्यायच्या आधी एक गोष्ट असते ती मला सगळ्यात आवडते. फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. मग शेजारी कोण बसलंय ते न बघता हात जोडायचे किंवा हातात हात द्यायचा. शेजारी नेमकी जिच्याशी कालच नळावर भांडण झालं ती बाई असते! तरी हात जोडावेच लागतात. नुसते जोडून भागत नाही, ही गोष्ट वेगळी. पण निदान दर आठवड्याला आठवण तरी होते.

वर्षभराचं चक्र तुमच्यासारखंच आहे. आमच्याकडेही उपास आहेत, यात्रा आहेत, पितरांची आठवण आहे. २ नोव्हेंबरला आम्ही कबरस्तानात जाऊन कबरी धुतो, फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो. ऑक्टोबर महिना जपमाळेचा. सप्टेंबरात मारियामातेच्या जन्मसणाच्या सुमारास श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. तिथं मराठवाड्यातली माणसं जातात, आणि फक्त ख्रिस्तीच जातात असं नाही. नवस बोलणारी बाई नवस बोलते, तिला जात-धर्म विचारायला कोण बसलंय?

आणि पुढच्याच महिन्यातली गंमत सांगते. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र. १८ फेब्रुवारीला आमचा राखेचा बुधवार, म्हणजे ४० दिवसांच्या उपवासकाळाची सुरुवात. आणि चंद्र दिसला की त्याच आठवड्यात रमजान. एका आठवड्यात आपल्या आवारात तीन घरांतले तीन उपास! राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या वाटल्या, त्याच जाळून केलेली असते. ज्या झावळ्या हलवून जयजयकार केला, त्यांचीच वर्षभरात राख झाली. तू माती आहेस हे विसरू नकोस, एवढंच त्यातून सांगायचं असतं. आमच्या शेजारच्या भाभी मला दरवर्षी विचारतात, "बाई, तुमचा रोजा कधी सुटतो?" मी सांगते, आमचा पाच एप्रिलला, ईस्टरला. तोपर्यंत तुमच्या शीरखुर्म्यावर नजर आहे.

आता सचिवभाऊंचा प्रश्न, गेल्या वर्षीच्या बातम्या.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला वारले. आदल्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. खूप आजारी असूनही त्यांनी सज्जात येऊन लोकांना आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. बारा वर्षं ते पोप होते. त्यांच्या दोन गोष्टी माझ्या मनात राहिल्या. एक म्हणजे, गाझामध्ये युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या छोट्या कॅथलिक चर्चला ते जवळपास रोज संध्याकाळी फोन करायचे. त्या चर्चच्या आवारात आसरा घेतलेल्या माणसांमध्ये मुसलमानही होते. कसे आहात, आज जेवलात का, एवढंच विचारायचे. जगातल्या दीडशे कोटींच्या आसपास कॅथलिकांचा प्रमुख, पण फोनवर विचारणं घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं. दुसरी गोष्ट त्यांच्या कबरीची. साध्या दगडावर एकच शब्द कोरलाय, 'फ्रान्सिस्कस'. पदवी नाही, तारखा नाहीत. आपण बाकड्यावर देणगीदाराचं नाव केवढ्या अक्षरात टाकतो ते आठवा आणि मग हे बघा. (हशा)

त्यानंतरची निवडणूक तर तुम्ही बघितलीच. ७ मे ला १३३ कार्डिनल सिस्टीन चॅपेलमध्ये बंद झाले. मोबाइल नाही, पेपर नाही, बाहेर निरोप नाही. निवडून यायला दोन तृतीयांश मतं लागतात. मतपत्रिका जाळतात, निवड झाली नसेल तर काळा धूर, झाली तर पांढरा. ८ मे ला चौथ्या फेरीत पांढरा धूर निघाला. मतदान करणाऱ्यांत आपल्या देशाचे चार जण होते. त्यांतले एक गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव. दुसरे हैदराबादचे अँथनी पूला, भारतातल्या दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल. माझी आजी ज्या वस्तीत वाढली तिथल्या माणसाला गावच्या आडावर पाणी भरता येत नव्हतं. त्यामुळे पूला साहेबांना त्या रांगेत जाताना टीव्हीवर बघितलं तेव्हा आमच्या घरात कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांचे डोळे भरले.

नवे पोप लिओ चौदावे. अमेरिकेत जन्मलेले, पण अनेक वर्षं पेरू देशातल्या गरीब भागात राहिलेले. त्यांनी लिओ हे नाव का घेतलं, हे बिडकीनच्या माणसांनी ऐकण्यासारखं आहे. आधीचे लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांवर एक पत्र लिहिलं होतं. तो कारखान्यांचा काळ. गावं सोडून माणसं गिरण्यांत येत होती, तास किती, मजुरी किती, याला धरबंध नव्हता. त्या पत्रात त्यांनी सांगितलं की कामगाराला पोट भरेल एवढी मजुरी हा त्याचा हक्क आहे, संघटना करणं हा त्याचा हक्क आहे. नवे पोप म्हणाले, आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे पुन्हा तसाच काळ आलाय, माणसाच्या श्रमाची किंमत पुन्हा राखावी लागणार आहे, म्हणून हे नाव घेतलं. आता आपल्या गावाकडे बघा. जिथं ज्वारी, कपाशी, मोसंबी होती तिथं ऑरिकचे सहापदरी रस्ते आणि पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. कुणाची जमीन गेली, कुणाच्या पोराला काम मिळालं, कुणाला नुसतं कंत्राट मिळालं. रोममधली बातमी आणि पैठण रोडवरची बातमी तशी फार लांब नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्युबिली.

हिब्रू भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचं शिंग. ते फुंकून वर्षाची घोषणा व्हायची. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हा कायदा दिलाय. सात वर्षं सात वेळा मोजायची, एकोणपन्नास झाली की पन्नासावं वर्ष ज्युबिलीचं. त्या वर्षी शिंग फुंकायचं आणि तीन गोष्टी करायच्या. कर्जापायी ज्याची जमीन गेली त्याला ती परत. कर्जापायी जो दुसऱ्याच्या घरी राबतोय त्याला मोकळं करून त्याच्या माणसांत परत पाठवायचं. आणि जमिनीला विश्रांती, त्या वर्षी पेरणी नाही. कारण काय दिलंय? देव म्हणतो की जमीन मुळात माझी आहे, तुम्ही माझ्याकडे राहायला आलेले पाहुणे आहात.

म्हणजे ज्युबिली हा शब्द सुरुवातीला सोहळ्याचा नव्हता. त्यात हार-तुरे नव्हते, स्मरणिका नव्हती. एकदा चुकलेला, एकदा नडलेला माणूस पिढ्यान्‌पिढ्या नडलेलाच राहू नये, म्हणून ठरावीक वर्षांनी हिशेब पुन्हा सरळ करायची ती व्यवस्था होती. सावकारीत जमिनी गेलेल्या आपल्या मराठवाड्याला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

पुढे चर्चमध्ये १३०० साली पोप बोनिफास आठवे यांनी पहिलं ज्युबिली वर्ष जाहीर केलं. नंतर पंधराव्या शतकात ठरलं की पन्नास वर्षं फार होतात, एका माणसाच्या आयुष्यात एकदा तरी ज्युबिली यावी, म्हणून दर पंचवीस वर्षांनी करावी. २००० साली मोठी ज्युबिली झाली. आपली सोसायटी नोंदवली तेही २००० साल! त्यानंतर ही २०२५ ची. म्हणजे आपली सोसायटी आणि ही ज्युबिली बरोबरीने चालताहेत.

या वर्षात रोमच्या चार मोठ्या चर्चची पवित्र द्वारं उघडतात. एरवी ही दारं बंद असतात, आतून भिंत घालून बंद केलेली असतात. ज्युबिलीला ती भिंत काढतात आणि वर्षभर लोक त्या दारातून आत जातात. २४ डिसेंबर २०२४ ला पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर्सचं दार उघडलं, चाकाच्या खुर्चीवर बसून. आणि दोनच दिवसांनी ते गेले रोमच्या रेबिबिया तुरुंगात. तिथल्या चॅपेलचंही दार त्यांनी पवित्र द्वार म्हणून उघडलं. या ज्युबिलीच्या फर्मानात त्यांनी दोन गोष्टी ठळक मागितल्या होत्या : श्रीमंत देशांनी गरीब देशांची कर्जं माफ करावीत आणि सरकारांनी कैद्यांना शिक्षेत सवलत द्यावी. एका पोपने दार उघडलं आणि या ६ जानेवारीला दुसऱ्या पोपने ते बंद केलं. दार बंद झालं, मागणं अजून शिल्लक आहे.

आता कुणी म्हणेल, बाई आपल्या धर्माचं कौतुक सांगायला उभ्या राहिल्या. तर तेवढंच सांगून मी खाली बसणार नाही. २००० च्या ज्युबिलीत, १२ मार्चला, पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. ज्युबिलीत दुसऱ्याला माफ करायचं तसं स्वतःही माफी मागायची असते. आणि आमच्यात माफी मागण्यासारखं आहे. जात सोडून आलेल्यांना चर्चमध्येही जात भेटली. दक्षिणेत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती लोकांना बसायला वेगळी जागा, पुरायला वेगळी जागा, असं चाललं. भारताच्या बिशप परिषदेनेच २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर करून जातिभेद हे पाप असल्याचं आणि ते चर्चमध्ये आजही असल्याचं मान्य केलं. कागदावर मान्य झालं, वागण्यात उतरायचं काम चालू आहे. शिवाय सरकारी बाजू अशी की १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधव त्यात आले. आमची मुलं अजून बाहेरच आहेत. म्हणजे चर्चमध्ये जात सुटत नाही आणि तहसीलमध्ये जात सापडत नाही, अशी आमची गत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण शेजाऱ्याला शेजाऱ्याची अडचण माहीत असावी.

तर आता आपली ज्युबिली. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, रस्ता केला, बोअर घेतले, झाडं लावली. त्याचं कौतुक अध्यक्षसाहेब करतीलच. मला त्या जुन्या शिंगाच्या आवाजावरून तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात.

पहिली, थकबाकी. आमची रोजची प्रार्थना येशूने शिकवलेली आहे. तिच्यात एक मागणं आहे की आम्ही दुसऱ्याला सोडतो तसं तू आम्हाला सोड. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे ऋण, कर्ज. म्हणजे देवाने सरळ अटच घातली. आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दर तीन महिन्यांनी थकबाकीदारांची नावं लागतात. उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळ व्याज लावता येतं, आणि आपण ते लावतो. जो ऐपत असून देत नाही त्याला लावाच, मी मध्ये पडणार नाही. पण दोन घरं अशी आहेत की करोनाच्या काळात तिथला कमावता माणूस गेला. मुद्दल ते हळूहळू भरतायत, व्याज मात्र त्यांच्या पुढे पुढे पळतंय. ती नावं बोर्डावर बघून त्या घरातल्या मुली मान खाली घालून जातात. सहकार खात्याच्या नियमात जेवढं बसतं तेवढं बसवून, सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव करून, त्यांच्यावरचा व्याजाचा भार आपल्याला उतरवता येईल का? लेखापरीक्षकांना विचारू, उपनिबंधक कार्यालयात विचारू. आणि नाहीच बसलं नियमात, तर तेवढी रक्कम आपण सगळे मिळून वर्गणीने भरू. गणपतीची वर्गणी काढतो, तशी एकदा ही काढू. पहिली पावती माझ्या नावाने फाडा.

दुसरी गोष्ट, दार. ऑरिकमुळे आपल्याकडे खोल्या मागायला रोज माणसं येतात. कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं, कुणी नांदेड-परभणीचं. भाडं सांगायच्या आधी आपण काय विचारतो? आडनाव काय? गाव कुठलं? खाता काय? मी आणि आमचे हे लग्न होऊन शहरात खोली शोधत होतो तेव्हा आडनाव ऐकून एका घरमालकाने चहाचा कप खाली ठेवला होता. गळ्यातला क्रूस दिसला तेव्हा दुसऱ्याने खोली कालच दिल्याचं सांगितलं. त्या माणसांवर आता राग नाही. पण या सोसायटीत आलो तेव्हा इथल्या तेव्हाच्या सचिवांनी आम्हाला विचारलं होतं ते एवढंच, "शेअरचे पैसे कधी भरता?" त्या एका वाक्यावर आम्ही पंचवीस वर्षं राहिलोय. सहकाराचं पहिलं तत्त्वच खुलं सभासदत्व आहे, धर्म-जात-लिंग न बघता. वसईच्या कॅथलिक लोकांनी १९१८ साली एक छोटी पतपेढी काढली, तीच आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक. नावात कॅथलिक आहे, पण आज तिथं खातं सगळ्यांचं आहे. घर भाड्याने देताना पोलीस पडताळणी करा, करारनामा नोंदवा, ओळखपत्र बघा. ते केलंच पाहिजे. पण आडनावावरून दार लावू नका. ज्यांच्या हाताने आपल्या गावात कारखाने उभे राहतायत त्यांना गावात झोपायला जागा नाही, हे बरं दिसत नाही.

तिसरी गोष्ट, विश्रांती. बायबलमध्ये आठवड्याची सुट्टी सांगितली आहे ती फक्त मालकाला नाही. नोकराला, मोलकरणीला, दारात आलेल्या परक्याला, इतकंच काय बैलाला आणि गाढवालाही. आपले वॉचमनदादा किती वर्षं इथं आहेत? बारा. त्यांना आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी असते, कुणी सांगेल का? (शांतता) मीही कमिटीच्या रजिस्टरमध्ये बघितलं. वार लिहिलेला नाही. दिवाळीला बोनस देतो, जुने कपडे देतो, लग्नाला आहेर दिला. पण त्यांना आठवड्यातून एक दिवस स्वतःचा मिळाला नाही. त्यांची लेक बारावीला आहे, तिचा बाप तिला रविवारी दुपारी घरात जागा दिसलाय असं मला वाटत नाही. एका बदली माणसाचे महिन्याला चार दिवसांचे पैसे आपल्या सगळ्या घरांत वाटले तर दर घरामागे एका पाणीपुरीच्या प्लेटइतके येतात. एवढं आपल्याला नक्की जमेल.

मी इथं कुणाला आमच्या धर्मात या म्हणायला उभी नाही, आणि माझा धर्म सोडायलाही उभी नाही. मार्चमध्ये नाथषष्ठीला आपल्या दारावरून दिंड्या पैठणला जातील, तेव्हा दरवर्षीसारखं पाणी आणि केळी वाटायला मी उभी असेनच. तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजणारे एकनाथ महाराज आपल्या शेजारचे. ज्युबिलीचा अर्थ त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. काशीहून आणलेलं पाणी देवासाठी राखून ठेवावं हा नियम त्यांनाही माहीत होता. समोरचा जीव तडफडतोय हे त्यांनी आधी बघितलं.

रोममध्ये दार बंद झालं, ते पुन्हा उघडेल २०३३ साली, येशूच्या मरण-पुनरुत्थानाला दोन हजार वर्षं होतील तेव्हा, असं सगळे धरून चाललेत. आपल्याला तेवढं थांबायचं कारण नाही. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी होते. तिच्या विषयपत्रिकेवर मी सांगितलेले तीन विषय घ्यावेत, असा लेखी अर्ज मी आजच सचिवभाऊंकडे देते. त्याच्यावर चर्चा करा, विरोध करा, दुरुस्ती सुचवा. फक्त 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकलून वेळ संपला म्हणू नका.

अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी ठेवली आहे. चहाच्या टेबलापाशी पेन ठेवलंय.

सगळ्यांना प्रजासत्ताक दिनाच्या आणि रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र!